वीस गेजचा पत्रा

आधी काळं रबर सोलायचं.
कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घातला की ते शेंगेच्या शिरेसारखं निघत येतं
आणि मागून धूळ, सावळ घाटाची,
इतकी बारीक की कपाळाला लावावी.

गाडी लिलावातली. पेठ डेपोची.
अंबडच्या शेडमध्ये आली तेव्हा सीटा नव्हत्या,
नुसती बोल्टांची भोकं, दोघांची, तिघांची,
आणि एका कोपऱ्यात चेपलेली पाटी: हरसूल.

डॉक्टर खैरनार बाई म्हणाल्या,
आत अंधार हवा मिस्तरी.
डोळ्याच्या आत बघायचं तर बाहेरचं ऊन बंद करावं लागतं.
गाडी पाड्यापाड्यावर जाईल, माणसं आत येतील, दिसेल त्यांना.
मी म्हटलं, होईल.
आमच्या धंद्यात आधी होईल म्हणतात,
मग टेप काढतात.

चौदा खिडक्या.
तेरा बुजवायच्या. चौदावी संकटकाळी,
ती आरटीओ बुजवू देत नाही,
तिला काळा पडदा.

पाचवीच्या चौकटीवर खिळ्यानं कोरलेलं होतं
हिरामण अधिक
आणि पुढचं नाव खरवडून टाकलेलं, त्याच खिळ्यानं बहुतेक.
अल्ताफ म्हणाला, हे पण झाकू?
झाक.
आत राहील. पाऊस तरी लागायचा नाही त्याला.

पत्रा नुसता ठोकला तर पोट धरतो.
दुपारी फुगतो, टबक्,
सांजेला आत जातो, टबक्,
पेशंट दचकतात.
म्हणून मधोमध फुलीची घडी मारायची, हलक्या हाताची,
मागून आडवा चॅनल, कडेनं सीलंट,
आणि दर दोन इंचांवर रिबीट.
एका खिडकीला साठ.
रिबीट बसताना खिळा तुटतो तो आवाज
मला आवडतो. झालं, असं म्हणतो तो.

तिसरीपर्यंत आतून पांडवलेण्याचा डोंगर पूर्ण दिसत होता.
चौथीला त्याची उतरती बाजू गेली.
सहावीला शेंडा.
सातवीत शेजारच्या कंपनीचं धुराडं आणि एक घार,
तिच्यासाठी मी थांबलो नाही,
पण रिबीट गन हातात होती आणि हवा भरायला वेळ लागला एवढं खरं.

मी या गाडीत कधी बसलेलो नाही.
माझी दिंडोरीची.
पण जुन्या सीबीएसला गाडी लागते न लागते तोच
बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीय मीही,
एकदा टोपी,
एकदा धाकट्या बहिणीलाच उचलून आत सोडली होती,
ती रडली, पण खिडकीशी बसली.
आता हिला बाहेरून हात फिरवला तर कुठेच आत जात नाही.

काचा भिंतीला टेकून उभ्या आहेत.
एकेकटी पांढरी, एकामागे एक लावली की हिरवी,
विहिरीसारखी.
दोन पाथर्डी फाट्याच्या बाईनं खुराड्यासाठी नेल्या.
एक अल्ताफच्या पायाशी फुटली, त्याला लागलं नाही,
पण त्या दिवशी तो जेवताना बोलला नाही.

काल दिवा लावून बघायला बाईंनी मलाच खुर्चीत बसवलं.
पडदा ओढला.
माझ्याच हातच्या अंधारात मी पहिल्यांदा बसलो,
आणि तो चांगला झाला होता, कुठे टाचणीएवढं ऊन नाही.
समोर आरसा.
अंतर कमी पडतं म्हणून आरसा, त्या म्हणाल्या,
आरशात दहाचे वीस फूट होतात.
मग डोळ्याजवळ तो बारीक दिवा आणून विचारलं,
काच न धरता किती वर्षं वेल्डिंग केलं?
मी मोजली नाहीत.
हलू नका. लांब बघा. समोर, लांब.

लांब म्हणजे कुठे, विचारावंसं वाटलं.
मग जिथे सातवी होती तिकडे बघितलं.
बाहेर ऊन उतरत असणार,
कारण माझ्या तेरातला एक कुठलातरी
टबक् म्हणाला.
बाई हसल्या.
उद्या शोधावा लागेल.